राणीने अर्धा भरलेला पेला

एका राज्यात डोंगरउतारावर द्राक्षांचे सुंदर मळे होते; त्या मळ्यांना शोभेल असा राजा मात्र नव्हता. मकरंदसेन त्याचे नाव. राजा उदार होता, पण त्याचे औदार्य ओसंडणारे. पाहुण्याचा पेला काठोकाठ भरला नाही तर पाहुण्याचा अपमान, अशी त्या राज्याची रीतच होती.

डोंगरावरच्या कालजंघ मांत्रिकाने स्वतः मुरवलेली द्राक्षमदिरा राजाला भेट दिली. राजाने त्या कुप्या दरबाराच्या खिडकीत, भर उन्हात, शिपायांसारख्या उभ्या केल्या. पुढच्या वर्षी मांत्रिक जेवायला आला, तेव्हा त्याला त्याचीच मदिरा कोमट, काठोकाठ आणि जाळ रश्शासोबत वाढली.

मांत्रिकाने एकच घोट घेतला.

"राजा, मी मदिरा दिली होती. हा आंबून गेलेला शिरका आहे. ज्याला भांडे कळत नाही, त्याने भांडेच व्हावे."

राजा सिंहासनावर बसल्या बसल्या मातीची सुरई झाला. मंत्र्यांच्या मते कारभारात फारसा फरक पडला नाही.

राणी इरावतीला मात्र पडला. तिने उःशाप मागितला.

"तीन कामे," मांत्रिक म्हणाला. "माझी मदिरा सांभाळ, तिला जोडीचे अन्न शोध आणि मला वाढ. एकात जरी चुकलीस तरी सुरई फुटेल, आणि फुटलेल्या सुरईचा राजा होत नाही."

त्याने नव्या कुप्या दिल्या. राणी मळ्यात गेली. तिथे मांडवावर एक साळुंकी राहत असे. ती बोलत असे, आणि फार बोलत असे.

"साळुंकीबाई, मदिरा कुठे ठेवू?"

"तुझ्या नवऱ्याने ठेवली ती जागा सोडून कुठेही! अंधारात ठेव, गारव्यात ठेव, चुलीपासून लांब. आणि आडवी निजव. बूच ओले राहिले तर तोंड घट्ट धरते; वाळले की वारा आत शिरतो. रोज जाऊन हलवू नकोस, पाळण्यातले बाळ नव्हे ते."

राणीने कुप्या बारवेच्या पायऱ्यांखालच्या कोठडीत निजवल्या.

"निजलेली कुपी अशुभ, राणीसाहेब," प्रधान म्हणाले.

"सिंहासनावरच्या सुरईपेक्षा?"

उन्हाळा सरला. मांत्रिकाने एक बूच काढून हुंगले आणि मान डोलावली.

"आता जोडी कशी लावू?" राणीने साळुंकीला विचारले.

"फिकी मदिरा माशाला दे; लिंबू पिळल्यासारखे काम करते. तांबडी भाजलेल्या मटणाला; तिचा तुरटपणा चरबीला आवरतो. तिखट रश्शावर मात्र तांबडी धाडू नकोस, दोघी मिळून जीभ जाळतील. किंचित गोड आणि गार अशी धाड. ती समजूत घालते."

मांत्रिक जेवला. त्याच जाळ रश्शाचा घास त्याने घेतला, वर गोड मदिरेचा घोट घेतला आणि डोळे पुसले. ते पाणी मिरचीचे नव्हते.

"आणि वाढायची कशी?"

"फिकी विहिरीच्या पाण्याइतकी गार, तांबडी दाट सावलीइतकी. तांबडी थोडी आधी उघडून ठेव, तिला श्वास घेऊ दे. आणि पेला अर्ध्याच्या खालीच भर."

"अर्धा? पाहुण्याला?"

"उरलेली जागा सुवासाची. बाकी तू पाहा बाई. दरबारात मला उभे राहायचे नाही."

दरबार भरला. राणीने तांबडी मदिरा ओतली आणि अर्ध्याच्या आतच हात थांबवला.

"ओता, राणीसाहेब, ओता!" प्रधान ओरडले. "सात पिढ्यांची अब्रू चालली!"

तेवढ्यात सिंहासनावर कर्रर्र असा आवाज झाला. सुरईवर केसाएवढी रेघ उमटली. राणीने कुपी पुन्हा पेल्यावर झुकवली. मग तिने ती निश्चयाने खाली ठेवली.

"मांत्रिकराज, उरलेला पेला रिकामा नाही. हुंगून पाहावे."

मांत्रिकाने पेल्याचा दांडा धरला, मदिरा हलकेच फिरवली आणि नाक आत घातले. बराच वेळ ते बाहेर आले नाही.

"जांभळे," तो हळूच म्हणाला. "ओली माती. माझा डोंगर जसाच्या तसा आहे इथे."

सुरई फुटली नाही; त्या रेघेवरून अलगद उकलली. आतून राजा निघाला, मिशांवर थोडी माती घेऊन. शाप सुटला, राज्य ताळ्यावर आले, आणि अर्धा पेला ही आपलीच जुनी रीत असल्याचे प्रधान त्याच सायंकाळी सांगू लागले.

राणीने राजाच्या हाती पेला दिला. त्याने एक घोट घेतला. मग तो राणीकडे वळला.

"तुम्ही घेतलीत?"

इतक्या वर्षांत हे त्याने कधी विचारले नव्हते. राणीने पेला पुढे केला. राजाने दोन्ही हातांनी कुपी उचलली आणि जपून, फार जपून ओतली.