माशीचं बिऱ्हाड

एका गावात एक कुंभार होता. राग त्याच्या नाकावर, बायको मात्र शांत. चाक तो फिरवायचा, माती ती मळायची. मडकं चांगलं निघालं की त्याचं आणि फुटलं की हिचं, हे ठरलेलंच.

एका वर्षी संक्रांतीची सुगडं भट्टीतच तडकली. तडकलेल्या सुगडाचं वाण द्यायचं कसं? बायका कुरकुरल्या. पाटलांनी कुंभाराला बोलावून सांगितलं, की पुढच्या संक्रांतीला पुन्हा असं झालं तर शेजारच्या गावचा कुंभार आणून बसवू. कुंभाराच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोनं माती दोनदा चाळली, मातीत मिसळायची लीद बदलून पाहिली, तरी मडक्यांना चिरा जायच्याच. वर हा म्हणायचा, आजोबांच्या खाणीतली माती वाईट कशी असेल, तुझाच हात वाईट.

अशात एक बारीक कंबरेची माशी त्यांच्या कोनाड्यात मातीचं घर बांधू लागली. तेव्हा तिला नावसुद्धा नव्हतं. कुंभारानं केरसुणी उगारली, तशी बायको आडवी आली. "राहू द्या. तिची लेकरं वाढतील त्यात."

"आपलं बिऱ्हाड उठायला आलंय, आणि तू माशीचं सांभाळ," म्हणत तो तणतणत निघून गेला.

माती मळता मळता ती त्या घराकडे बघायची. बोराएवढं मडकंच ते, छान काठ वळवलेला, आणि चीर म्हणाल तर एक नाही. मग तिच्या ध्यानात आलं, की दाराशी एवढा मातीचा ढीग असून माशी त्याला शिवत नाही. एक दिवस बाई माशीच्या मागोमाग गेली. माशी ओढ्याच्या वळणावर उतरली आणि तिथल्या गाळाची गोळी घेऊन परतली. बाईनं तो गाळ बोटांत चोळून पाहिला, तर लोण्यासारखा मऊ. खाणीतली चांगली माती कधीच संपली होती, उरला होता मुरूम. पण आजोबांची खाण म्हटल्यावर बोलणार कोण?

पुढच्या संक्रांतीची सुगडं तिनं त्या गाळाची करायला लावली. कुंभारानं कुरकुरत का होईना, चाक फिरवलं. भट्टी दोघांनी मिळून उघडली. राख सारून एकेक सुगड बोटानं वाजवलं, तर सगळी खणखणीत. दोघांचा जीव भांड्यात पडला. एवढा रागीट गडी, पण तिथंच राखेत बसून ढसाढसा रडला.

सुगडं न्यायला आलेल्या पाटलीणबाईंनी विचारलं, "यंदा काय जादू केलीस गं?"

गप्प राहिली असती तरी कुणाला कळणार नव्हतं. खरं सांगावं तर चार बायकांत नवऱ्याचं हसं. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माती मी नाही शोधली, पाटलीणबाई. आमच्या कोनाड्यातल्या माशीनं दाखवली."

बायका हसल्या. कुंभारानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "खरंय. आणि मी तिचं घर पाडायला निघालो होतो."

"मग खरी कुंभारीण तीच की," पाटलीणबाई म्हणाल्या.

तेव्हापासून ती माशी झाली कुंभारीण. आजही कुणाच्या भिंतीवर तिचं मातीचं घर दिसलं, की घरातलं मोठं माणूस सांगतं, कुंभारणीचं आहे, पाडू नका. आणि त्या कुंभाराच्या घरी केर काढताना कोनाडा तेवढा सोडून द्यायचे.

तात्पर्य: ज्यानं वाट दाखवली त्याचं नाव चारचौघांत घ्यावं, मग ती माशी का असेना. त्यानं आपलं नाव उणं होत नाही.