तळाशी गेलेलं दुधाचं पातेलं

फार वर्षांमागं भांडी बोलायची, तेव्हाची गोष्ट. शहाणी होती म्हणाल तर तुमच्याआमच्याइतकीच! द्वारकामावशीचं बिऱ्हाड हलणार होतं. धान्याचं रिकामं पिंप म्हणालं, "सगळे माझ्या पोटात चला. बोटभर जागा वाया जाणार नाही."

दुधाचं पातेलं म्हणालं, "पिंपदादा, मला वरच ठेवा. नव्या घरात पहिलं दूध माझ्यातच उतू घालतात. तीन बिऱ्हाडं झाली, तो मान माझाच."

"बूड काळं नि तोरा नवरीचा! हो तळाशी!"

पातेल्यावर कढई बसली, कढईत खलबत्ता, आणि फटीफटींत गोधड्या कोंबल्या.

नव्या घरी मावशीनं पातेल्यासाठी पिंप उलटं केलं, बडवलं. आतलं काही हलेना. पिंप खूश! शेवटी शेजारणीचं पातेलं आणलं, दूध उतू गेलं. करपल्याचा वास आत शिरला, तसं तळाशी पातेलं हुंदके देऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं नवं पातेलं घेतलं आणि भरलेलं पिंप तसंच माळ्यावर चढवलं. ते अजून तिथं पोट फुगवून सांगतं, "बोटभर जागा वाया घालवली नाही!"

पातेल्यानं बोलणं केव्हाच सोडलंय.