निरोगी माणसांची नाडी

राज्यांच्या सीमा नद्याच ठरवत असत, त्या जुन्या काळची ही गोष्ट.

एका राजाने राजधानीत नवी वैद्यशाळा बांधली. विद्यार्थी सकाळी येत, ग्रंथ शिकत आणि संध्याकाळी घरी जात. रानातल्या वैद्यकाच्या जुन्या आश्रमात मात्र विद्यार्थी बारा वर्षे आचार्यांच्या घरीच राहत. दूरदेशी शिकून आलेल्या एका तरुण वैद्य मुलीला राजा म्हणाला, "जाऊन बघ. तुला निरुपयोगी वाटला, तर आश्रम बंद करू."

ती पोचली तेव्हा सगळे एकमेकांची मनगटे धरून बसले होते.

"आजारी कोण आहे?" तिने विचारले.

"कोणीच नाही," आचार्य म्हणाले. "न्याहारीआधी रोज सगळे सगळ्यांची नाडी बघतात."

"धडधाकट माणसांची? कशासाठी?"

"राहा चार दिवस. कळलं तर मलाही सांग."

तिने शेजारच्या मुलाचे मनगट धरले आणि दचकून म्हणाली, "याला ताप चढतोय!" लगेच तिने त्याला कडू काढा पाजला.

मुले हसू लागली. "ताई, त्याची नाडी जन्मापासून घोड्यावर बसलीय!"

"हे काढ्याआधी सांगायचं होतंत," तो मुलगा तोंड वाकडे करत म्हणाला.

ती ओशाळली, पण तिचे कुतूहल जागे झाले. मग तीही रोज सकाळी मनगटे धरू लागली.

पाचव्या दिवशी तिने स्वयंपाक करणाऱ्या काकूंची नाडी पहिल्यांदाच पाहिली. "वा! अगदी ग्रंथात लिहिल्यासारखी!"

सगळे वळून काकूंकडे बघू लागले. एक विद्यार्थिनी उठली. "काकूंची? त्यांची नाडी तर एरवी गोगलगाईसारखी चालते. काकू, चुलीपासून उठा आधी!"

"अगं, भाकरी करपेल!"

"करपू दे!"

त्यांनी काकूंना निजवले, औषध दिले. दुपारी काकू तापाने फणफणल्या, दोन दिवस ग्लानीत होत्या. पण औषध वेळीच मिळाल्याने तिसऱ्या दिवशी उठून बसल्या.

मुलगी राजाकडे परतली. "महाराज, ग्रंथ खोटा नाही. पण त्याच्या भरवशावर मी काकूंना निरोगी ठरवलं असतं. ग्रंथाला माणसाची नाडी कळते, काकूंची नाही. आश्रम बंद करू नका. उलट आपल्या विद्यार्थ्यांना तिथे राहायला पाठवा."

राजाने मानले. पहिल्या तुकडीसोबत तीही निघाली, शिकवायला नव्हे, शिकायला.

तात्पर्य : विद्या ग्रंथातून मिळते, पण माणूस कळायला त्याच्यासोबत राहावे लागते.