तोंडं बंद करणारा ताईत

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात. माझे शब्दही साधेच आहेत.

राजा बेल्त्रानच्या घोरण्यावर बाजारात गाणं निघालं, आणि युनूस सोनाराची मान धोक्यात आली!

स्पेनमधल्या एका डोंगरी राज्यातली ही गोष्ट. अरबांचे ग्रहताऱ्यांचे जादूग्रंथ तेव्हा तिकडे नुकतेच पोचले होते आणि दरबाराला त्यांचं वेडच लागलं होतं. शुक्राची वेळ पाहिल्याशिवाय कोणी नखंसुद्धा कापत नसे! राजपंडित गास्पारने अशाच एका ग्रंथाचं भाषांतर केलं आणि राजाला सांगितलं, "बुधाच्या वेळेला चांदीचा ताईत घडवा. निंदकांची तोंडं बंद!"

युनूसने ताईत घडवला. राजाने तो गळ्यात घातला. खिडकीखाली गाणं चालूच!

"ग्रंथ खरा आहे, महाराज," गास्पार घाईने म्हणाला. "सोनारानेच वेळ चुकवली."

"टाका त्याला कोठडीत! चालणारा ताईत उद्या दुपारपर्यंत मिळाला नाही, तर मान उडवा!"

दुसऱ्या दिवशी सोनाराची मुलगी जुमाना दरबारात आली. तिच्या तळहातावर चांदीची दोन बोंडं होती, मेणात बुडवलेली.

"हे गळ्यात कसं घालायचं?" राजाने विचारलं.

"गळ्यात नाही महाराज, कानात!"

राजाने बोंडं कानांत घट्ट बसवली आणि ओरडला, "म्हणा रे ते गाणं!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग आचाऱ्याने हळूच सुरुवात केली. बघता बघता सगळा दरबार गाऊ लागला. गास्पार तर डोळे मिटून, टाळ्या वाजवत!

"वा! नुसते ओठ हलताहेत, आवाज नाही!" म्हणत राजाने बोंडं काढली. दरबार चिडीचूप. डोळे मिटलेला गास्पार मात्र एकटाच घोरण्याचा सूर लावत होता.

"पंडित!"

गास्पारचा सूर घशातच अडकला.

मग राजा जुमानाकडे वळला. "आणि तू गं! मी लोकांची तोंडं बंद करायला सांगितली होती. तू माझेच कान बंद केलेस?"

"काय करू महाराज? राज्यात तोंडं हजारो, आणि तुमचे कान दोनच. एवढ्या तोंडांना पुरेल इतकी चांदी आणू कुठून?"

राजा असा काही हसला, की मुकुट घसरून नाकावर आला! त्याने युनूसला तिथल्या तिथे सोडलं आणि अंगावरचा मखमली झगा काढून जुमानाच्या खांद्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गास्पार जाडजूड ग्रंथ घेऊन हजर. "महाराज, आजच्या शनीबद्दल थोडं सांगायचं होतं…"

राजाने दोन्ही बोंडं शांतपणे कानांत घातली आणि म्हणाला, "सांगा पंडित, अगदी सावकाश सांगा!"