येसूचं पाणी

फार फार वर्षांमागं खाडीकाठच्या माडवेळ गावात भागोजी घडशी नावाचा सनईवाला राहायचा. लग्न असो की पालखी, सनई त्याचीच. त्याच्या चालींची नावंही गावाला तोंडपाठ. पारूची हरवलेली म्हैस घरी आली, त्या आनंदात सुचलेली चाल ‘पारूची म्हैस’. एका लग्नात अवेळी पाऊस आला, तेव्हाची ‘ओले पापड’. चाल ज्यातून सुचली, त्याचंच नाव तिला द्यायचं, एवढाच भागोजीचा नियम.

एका आश्विनात वादळ उठलं. गावाचे चार मचवे समुद्रात होते आणि पावसात किनारा दिसेनासा झाला. दिसत नाही तर नाही, निदान ऐकू तरी येईल, म्हणून भागोजी समुद्रात घुसलेल्या कड्यावर उभा राहिला आणि वाजवू लागला. कुणी कधी न ऐकलेली चाल त्या दिवशी सनईतून निघाली. असं म्हणतात, ती ऐकायला वारासुद्धा मधूनच थबकायचा.

खारव्यांची येसू त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. तिचा नवरा हरबा चारांतल्या एका मचव्यावर होता. भागोजीचा घसा सुकला, की ती तांब्यातलं पाणी त्याच्या तोंडात घाली. दुसऱ्या दिवशी एक मचवा आला, तिसऱ्या दिवशी दोन. “सनईच्या मागं मागं आलो,” खलाशी रडत सांगू लागले.

हरबाचा मचवा आला नाही. वादळ शमलं, पाणी निवळलं, तरी भागोजी थांबेना. ओठ फाटले, सनईवरून रक्त ओघळलं. असं म्हणतात, सात दिवसांत तो तांब्या एकदाही रिता झाला नाही. आठव्या सकाळी येसूनंच सनईवर हात ठेवला.

“पुरे आता, भागोजीदादा. तुम्ही हाक मारलीत, त्यांना ऐकू गेली असेल. येणं त्यांच्या हातात नसेल.”

भागोजी तिथंच खाली बसला आणि पोरासारखा रडला.

गावानं चालीला ‘मचव्यांची चाल’ म्हणायचं ठरवलं. भागोजीनं मान हलवली. “नाय. ही ‘येसूचं पाणी’.”

आता मचव्यांना यंत्रं आली. तरी नारळी पौर्णिमेला माडवेळात हीच चाल वाजते. तिला शेवट नाही. ज्या घरचं माणूस समुद्रानं नेलं, तिथली एखादी बाई पुढं येते आणि सनईवर हात ठेवते. वाजवणारा थांबतो. मगच गाव मचवे पाण्यात लोटतं.