टिल्लीचं लाल फूल

ओढ्याच्या काठी गुलबक्षी फुलायची. थोडी लाल, थोडी पांढरी.

तिथे राहायची टिल्ली. टिल्ली म्हणजे एवढीशी गोगलगाय. ती रोज लाल फुलाखाली निजायची. मग तिला लाल लाल स्वप्न पडायचं.

एकदा ओढ्याला पूर आला. खळखळ, खळखळ. लाल झाडं वाहून गेली. त्यांनी काही केलं नव्हतं बरं का. पुराला काय कळतंय, समोर आलं ते नेलं.

पांढरी तेवढी उरली. त्यांच्या बिया पडल्या, पांढरीच फुलं आली. पुन्हा बिया पडल्या, पुन्हा पांढरीच. टिल्लीला झोप येईना. तिला रडू आलं.

टिल्ली निघाली. सुळूक सुळूक.

"फुला फुला, लाल हो ना."

फूल म्हणालं, "मी तर पांढरं. पलीकडच्या काठावर लाल फूल आहे. त्याची पिवळी पूड आली, तर माझ्या बीत लाल रंग येईल. फुलपाखराला सांग."

सुळूक सुळूक.

"फुलपाखरा फुलपाखरा, उड ना. पूड येईना, फूल लाल होईना. टिल्लीने निजावं कुठे?"

फुलपाखरू म्हणालं, "वारा थांबेल, तर मी उडेन."

सुळूक सुळूक.

"वाऱ्या वाऱ्या, थांब ना. फुलपाखरू उडेना, पूड येईना, फूल लाल होईना. टिल्लीने निजावं कुठे?"

वारा म्हणाला, "मी ढगाला ढकलतोय. ढग जाईल, तर मी थांबेन."

सुळूक सुळूक.

"ढगा ढगा, जा ना. वारा थांबेना, फुलपाखरू उडेना, पूड येईना, फूल लाल होईना. टिल्लीने निजावं कुठे?"

ढग म्हणाला, "डोंगराने मला धरून ठेवलंय. डोंगर सोडेल, तर मी जाईन."

सुळूक सुळूक.

डोंगर झोपला होता. घुर्र, घुर्र.

"डोंगरआजोबा, सोडा ना. ढग जाईना, वारा थांबेना, फुलपाखरू उडेना, पूड येईना, फूल लाल होईना. टिल्लीने निजावं कुठे?"

डोंगर झोपेतच म्हणाला, "माझी पाठ खाजतेय गं. कुणी खाजवेल, तर मी सोडेन."

एवढा मोठा डोंगर. एवढीशी टिल्ली. तिला भीती वाटली. तरी ती चढली. सुळूक सुळूक, सुळूक सुळूक.

"जरा वर," डोंगर म्हणाला. "हं, तिथेच."

डोंगर खुदकन हसला आणि त्याची मूठ सुटली.

डोंगराने सोडलं, ढग गेला. ढग गेला, वारा थांबला. वारा थांबला, फुलपाखरू उडालं. भुर्र, भुर्र. पलीकडे गेलं, अलीकडे आलं. पूड आली. फुलाने बी धरलं. बी मातीत पडलं. टुप्प.

टिल्ली ओढ्याकाठी परत आली, वाट बघत बसली. रोप आलं. कळी आली. फूल उमललं.

लाल नव्हतं. पांढरंही नव्हतं. गुलाबी होतं.

"तू कोण रे?" टिल्लीने विचारलं.

"मी थोडं इकडचं, थोडं तिकडचं," फूल म्हणालं. "माझ्या बिया पडू देत. मग बघ."

टिल्ली गुलाबी फुलाखाली थांबली. बिया पडल्या. टुप्प, टुप्प, टुप्प, टुप्प.

पुढच्या वर्षी एक फूल आलं पांढरं. दोन आली गुलाबी. आणि एक आलं लाल. अगदी लाल.

टिल्ली त्याच्याखाली गेली. सुळूक सुळूक. शंखात शिरली.

आता हळू बोलायचं हं. टिल्ली झोपलीय.