उंबऱ्याचा आकडा

शून्याचा एक व्हायला अजून काय राहिलं होतं? हे मी आईला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, आक्काच्या फोटोलाही विचारलं.

म्हणून आता गोष्टच सांगतो. डोंगराकडेच्या एका गावात हेमलता नावाची एक बाई राहायची. ती माझी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणायचो. मी आठवीत शाळा सोडली. ती खूप शिकली आणि शिकून परत गावातच आली.

आसपासच्या सहा शाळांत कचेऱ्यांनी टाकून दिलेले जुने संगणक पडून होते. नवीन काही घातलं की ते धापा टाकायचे आणि बंद पडायचे. जगभरातली माणसं फुकट वाटतात ते प्रोग्रॅम जमवून आक्कानं त्यांच्यासाठी मराठीतली एक ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. "म्हणजे काय हो ताई?" असं पोरांनी विचारलं की ती सांगायची, "संगणक जागा झाला की पहिल्यांदा ज्याचं ऐकतो, ती." तिचं नाव तिनं ठेवलं उंबरा. उंबरा ओलांडल्याशिवाय घरात जाता येत नाही, म्हणून.

दोन-तीन महिन्यांनी उंबऱ्याची नवी आवृत्ती निघायची. प्रत्येक आवृत्तीला एक नाव आणि एक आकडा. नाव पोरं ठेवायची. आधीच्या आवृत्तीतली सगळ्यात मोठी चूक ज्यानं पकडली, त्याचा तो मान. त्यामुळे एका आवृत्तीचं नाव होतं 'म्हशीचं शिंग', एकीचं 'मामाची फटफटी'. आक्का कुठल्याही नावाला नाही म्हणायची नाही.

आकडा मात्र ती कोणाला ठेवू द्यायची नाही. शून्य पॉइंट एक, शून्य पॉइंट दोन, असं चालायचं. पुढं शून्य आहे तोवर भरवसा नाही. दर शनिवारी पोरांच्या कामाची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवायची. ज्या दिवशी शून्याच्या जागी एक येईल, त्या दिवसापासून प्रत काढायची गरज नाही. सहा शाळांशी तिचं हे ठरलेलं होतं.

हरणखोलच्या शाळेचे मुख्याध्यापक खोत सर तिला चिडवायचे. "हेमलताबाई, आमच्या पोराच्या फोनात सतरावी आवृत्ती आली. तुमचं अजून शून्यातच?"

"शून्यात आहे सर, पण खोटं नाही," आक्का हसून म्हणायची.

तिसऱ्या वर्षी शून्य पॉइंट नऊ निघालं. त्याचं नाव 'करवंद'. मी म्हणालो, "आक्का, आता एक!"

"आता शून्य पॉइंट दहा."

"असं कुठं असतं? शाळेत तर नऊच्या पुढं पूर्ण एक यायचा."

"हा तुझा शाळेतला दशांश नव्हे, दिग्या. या पायऱ्या आहेत. नववी झाली की दहावी."

"आणि माडी कधी येणार?"

"पाय घसरायचा थांबला की."

मग आषाढात तिला कावीळ झाली. अकराव्या दिवशी ती गेली. एकतीस वर्षांची होती.

तेराव्याला पाहुणे जेवायला बसले होते. एक जण म्हणाला, "पोरगी हुशार, पण काम अर्धवट टाकून गेली." मी हातातला घास ताटात टाकला आणि उठलो. आई हाका मारत राहिली. मी आक्काच्या संगणकापुढं बसलो.

पुढची आवृत्ती त्यात अर्धी तयार होती. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पण पेनड्राइव्ह भरायला तिनं शिकवलं होतं, कारण शाळाशाळांत गाडीवरून जाऊन उंबरा घालायचं काम माझं होतं. नाव आणि आकडा कुठं असतो तेही मी पाहिलं होतं. दोन ओळींची फाईल. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत आकडा. पहिल्या ओळीत मी लिहिलं 'हेमलता'. दुसऱ्या ओळीत लिहिलं १.०. शेजारी तिची वही पडली होती. ती मी उघडली नाही. तिचं अक्षर मला बघवत नव्हतं.

तालुक्याला जाऊन मी रंगीत स्टिकर छापून आणले. 'उंबरा हेमलता १.०'. आठवडाभरात सहाही शाळांत नवी आवृत्ती घातली, प्रत्येक संगणकाच्या कपाळावर स्टिकर लावला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हरणखोलच्या मुजावर बाईंनी पदर डोळ्याला लावला. "पुरं केलंस रे तिचं काम," म्हणाल्या. मला वाटलं, आता आक्काला कोणी अर्धवट म्हणणार नाही.

मुजावर बाईंच्या वर्गातली पोरं दोन वर्षं एक काम करत होती. दर शनिवारी ती गावातल्या अकरा विहिरींत दोर सोडायची, पाणी किती खोल आहे ते मोजायची, पाटीवर लिहून आणायची आणि संगणकात भरायची. मग पाटी पुसायची. पुढच्या ग्रामसभेत ती मापं वाचून दाखवायची होती. कोणती विहीर खोल करायची ते त्यावरून ठरणार होतं. एक आला म्हणून बाईंनी प्रत काढणं बंद केलं. आता लागणार नाही म्हणून जुन्या प्रतींचा पेनड्राइव्हही पुसला आणि त्यात पंधरा ऑगस्टची गाणी भरली.

स्वातंत्र्यदिनानंतरच्या शनिवारी पोरं मापं भरत असताना वीज गेली. वीज आली तेव्हा अकरा विहिरींची फाईल कोरी होती.

मला बोलावणं आलं. मी पोचलो तर वर्गात माणसं जमली होती. दाराशी बसलेला एक म्हातारा म्हणत होता, "दोन वर्सं पोरं दोर सोडत हुती, आन् बाईनं एका बटनात अकरा हिरी बुजवल्या!"

काही जण हसले. खोत सर हसले नाहीत. "बाई, तुम्ही काहीतरी दाबलं असणार. उद्या मी वर लेखी कळवणार."

"दाबलं असेल सर," मुजावर बाई खाली बघत म्हणाल्या. "हेमलताचा एक आहे तो. ती उगाच एक लिहिणारी नव्हती. माझाच हात चुकला असणार."

मी तडक बाहेर पडलो. मग गाडी काढून घरी आलो आणि वही उघडली. शेवटच्या पानावर तिचं अक्षर होतं, तापात काढलेलं, वाकडं. 'वीज गेली की उघडी असलेली फाईल पूर्ण पुसली जातेय. कारण सापडलेलं नाही. सापडेपर्यंत हे कोणालाही देऊ नये.'

गप्प बसलो असतो तर आक्काचा एक टिकला असता. तिला कोणी बोल लावत नव्हतं. बोल बाईंना लागत होता, आणि त्या तो आक्कावरच्या विश्वासापायी अंगावर घेत होत्या. मला आक्काचा राग आला, की माझा आला, ते कळलं नाही. मी वही शर्टात घातली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सर शाळेत बसून पत्र लिहीत होते. बाई समोर उभ्या होत्या.

"सर, लेखी कळवा," मी म्हणालो. "पण बाईंचं नाव खोडा. तिथं दिगंबर लिहा."

मी वहीचं पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी दोनदा वाचलं. "म्हणजे तुझ्या बहिणीचं काम बिघडलेलंच होतं म्हण की."

"अर्धं होतं सर. तिनं अर्धं आहे असंच लिहून ठेवलं होतं. पुरं झालं असं मी लिहिलं. तो एक माझा आहे, तिचा नाही."

सरांनी पेनला टोपण लावलं. मग मुजावर बाई म्हणाल्या, "काल का नाही बोललास रे? कालपासून मी माझी बोटं बघत बसलेय." मला वाटलं त्या मारतील. त्यांनी मला खुर्ची ओढून दिली.

सोमवारी पोरांना सांगितलं. गौरा नावाच्या मुलीनं विचारलं, "मग आता विहिरी परत मोजायच्या?"

"हो."

"दोर आहे अजून," ती म्हणाली.

पण गेलेली दोन वर्षं परत मोजता येत नाहीत. त्या ग्रामसभेत विहीर अंदाजानंच ठरली. ते मला आजही टोचतं.

तिथून पुढं मी एकेक शाळा घेतली. प्रत्येक शाळेत उभा राहून तेच वाक्य बोललो: आकडा खोटा होता आणि तो मी लिहिला होता. अर्धवट आवृत्ती काढली, आक्कानं स्वतः दिलेलं 'करवंद ०.९' परत घातलं. स्टिकर नखानं निघेनात. घरून खोबरेल तेल नेलं, फडक्यानं घासून घासून एकेक काढला. आधी एक गेला, मग तिचं नाव गेलं. सहाव्या शाळेत शेवटचा स्टिकर होता. तोही काढला, हात पुसले आणि पोरांना सांगितलं, "शनिवारी प्रत काढायला विसरू नका. आक्कानं सांगितलंय."

तात्पर्य: प्रेमापोटी आपल्या माणसाचं नाव कशालाही द्यावं, पण त्याचं काम जितकं झालं, तितकंच सांगावं, कारण त्या आकड्यावर दुसरी माणसं विसंबून असतात.